मॉन्टे बेल्लो वाइनची बाटली दोन वर्षं फ्रिजवर राहिली. उघडू की ठेवू? आणि माळकरी बाबांना तिच्या बागेच्या डोंगरावर न्यावं का?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात सनीवेलला राहते, माहेर निफाड तालुक्यातलं. वाइनमधलं मला लाल आणि पांढरी यापलीकडे काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते.

दोन वर्षांपूर्वी माझे मॅनेजर निवृत्त झाले. जाताना टीममधल्या प्रत्येकाला त्यांनी काही ना काही दिलं, मला एक बाटली दिली. म्हणाले, तू द्राक्षवाल्यांची मुलगी, तुला हिची किंमत कळेल. मला कसली कळतेय! घरी आणली, फ्रिजवर पोळ्यांच्या डब्याशेजारी उभी केली आणि विसरले. परवा डबा काढताना ती हाताला लागली. लेबलवर रिज, मॉन्टे बेल्लो, २०१३. नवऱ्याने किंमत शोधली आणि दोन मिनिटं काही बोललाच नाही.

तर पहिला प्रश्न: ती अजून चांगली असेल का? उघडावी की ठेवावी? लेबलवर राजवाडा नाही, सिंह नाही, नुसती अक्षरं आहेत, त्यामुळे मला ती आजवर साधीच वाटत होती. एवढं काय आहे तिच्यात?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. बाबा एप्रिलातली खरड छाटणी उरकून मेअखेर इकडे येतायत, सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीच्या आत परत जायचं म्हणतात. चाळीस वर्षं द्राक्षं केली त्यांनी. आठ वर्षांपूर्वी दोन एकरांत कॅबरने ही वाइनची जातही लावली, एका वायनरीशी करार करून. पण ते माळकरी आहेत. स्वतःच्या बागेच्या द्राक्षांची वाइन त्यांनी कधी जिभेवर ठेवलेली नाही. ही मॉन्टे बेल्लोची बाग आमच्यापासून जवळच आहे म्हणे. त्यांना न्यावं का? तिथे गेलं की घ्यावीच लागते का? त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये एवढीच इच्छा.

मुळामुठा

फ्रिजवर?? पोळ्यांच्या डब्याशेजारी?? ताई, तुमचा पत्ता द्या, पुढची भेट माझ्याकडे सुरक्षित राहील.

कुपरटिनोकर

मुळामुठा, हसू नका, मी माझी पहिली बाटली गाडीच्या डिकीत विसरलो होतो. ऑगस्टमध्ये.

ताई, सविस्तर लिहितो. मूळचा मिरजेचा, १९९८ पासून इथे आहे, चिपमधल्या चुका शोधणं हा पोटाचा धंदा. त्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि गेली पंधरासोळा वर्षं वर जातोय, तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी बाटलीचं. फ्रिजचा माथा ही घरातली सगळ्यात वाईट जागा. मागून गरम हवा येते, कॉम्प्रेसरची थरथर असते, आणि बाटली उभी राहिली की बूच सुकतं. पण लगेच रडू नका. वरची टोपी न फाडता बुचाच्या जागी बोट फिरवून बघा. बूच वर ढकललं गेलंय का? टोपीखाली चिकट काही लागतंय का? तसं असेल तर वाइन गरम होऊन फुगली आणि बाहेर आली, म्हणजे ती शिजली असायची शक्यता मोठी. शिजलेल्या वाइनला मुरंब्याचा वास येतो, ताज्या फळाचा येत नाही. बूच जागच्या जागी असेल तर आशा ठेवा. सनीवेलची हवा तशी मवाळ आहे, नागपूर असतं तर मी श्रद्धांजलीच लिहिली असती. आजच तिथून हलवा, आतल्या खोलीतल्या कपाटात तळाशी आडवी ठेवा.

ठेवू की उघडू? नीट राखलेली मॉन्टे बेल्लो वीस-तीस वर्षं आरामात जाते आणि पहिली दहा वर्षं ती बहुतेकांना तोंडच दाखवत नाही, नुसती तुरट लागते. २०१३ ची आता कुठे बोलायला लागली असेल. ते कॅलिफोर्नियातलं भयंकर कोरडं साल होतं, दाणे लहान, साली जाड, वाइन घट्ट. तळघरातली असती तर म्हटलं असतं, आणखी दहा वर्षं विसरा. पण तुमची दोन वर्षं उन्हाळे सोसून आलीय, तिला आता थांबवू नका. बाबा येतील तेव्हा उघडा. ते पिणार नसले तरी. का, ते पुढे येतं.

आता "एवढं काय आहे तिच्यात" याबद्दल.

कुपरटिनोच्या पश्चिमेला सांताक्रूझ डोंगररांग आहे, तिच्या एका धारेचं नाव मॉन्टे बेल्लो, इटालियनमध्ये सुंदर डोंगर. १८८५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ओसिया पेरोन नावाच्या इटालियन डॉक्टराने माथ्याजवळ १८० एकर घेतले, उतारावर पायऱ्या पाडून वेली लावल्या आणि तिथल्याच चुनखडीच्या दगडाची वायनरी बांधली. १८९२ चं पीक ही तिथली पहिली वाइन. ती दगडी इमारत अजून उभी आहे आणि वाइन अजून तिच्यातच होते. मग अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी आली, धंद्याचं कंबरडं मोडलं, आणि चाळीसच्या दशकापर्यंत डोंगर पडीक होत गेला. त्या पडीक बागांपैकी पेरोनच्या खालची एक विल्यम शॉर्ट नावाच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने घेतली आणि १९४९ मध्ये तिथे कॅबरने सोव्हिन्यों लावली. त्यातल्या काही वेली आजही फळ देतात. (१९४९ हेच आपल्याकडच्या मुंबई दारूबंदी कायद्याचं साल. एका डोंगरावर वेली लावल्या जात होत्या, दुसरीकडे परवाने छापले जात होते. असो.)

यानंतरचा भाग माझा लाडका आहे, कारण त्यात आमची जात येते. जात म्हणजे इंजिनियर. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची संस्था खाली मेन्लो पार्कला आहे. कॉम्प्युटरचा माउस तिथलाच. तिथल्या चार मित्रांनी, डेव्ह बेनियन, ह्यू क्रेन, चार्ली रोझेन आणि हॉवर्ड झायडलर यांनी, १९५९ मध्ये शॉर्टची ती जागा विकत घेतली. शनिवार-रविवारी बायकामुलांना घेऊन डोंगरावर जायचं, एवढाच बेत. त्या वर्षी बेनियनने पाव पिंप वाइन करून बघितली. आणि ती निघाली चांगली! पुढे १९६२ च्या सुगीपर्यंत त्यांनी रीतसर परवाना काढला आणि रिज वायनरी सुरू झाली. रोझेन म्हणजे तोच माणूस, ज्याने त्या संस्थेत कृत्रिम बुद्धिमत्तेचं केंद्र उभं केलं, 'शेकी' नावाचा चालता यंत्रमानव त्याच केंद्रातला. म्हणजे आज खाली ज्या गोष्टीवरून सगळं खोरं वेडं झालंय, तिचा एक आजोबा रविवारी वर द्राक्षं तुडवत होता. आमच्या ऑफिसात हे कोणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.

१९६९ मध्ये पॉल ड्रेपर आला. शिक्षण स्टॅनफर्डचं, पण तत्त्वज्ञानाचं. वाइन करायचं शास्त्र कॉलेजात शिकलेलाच नव्हता, चिलीमध्ये एक लहान वायनरी चालवून आला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाग चांगली असेल तर आपण तिच्या वाटेतून बाजूला व्हावं. बाहेरचं यीस्ट घालत नाहीत, सालीवर जे असतं तेच आंबवतं. पिंपं बहुतेक अमेरिकन ओकची, उन्हापावसात दोन-दोन वर्षं सुकवलेल्या लाकडाची. या दर्जाच्या कॅबरनेला बाकी बहुतेक जण फ्रेंच ओक वापरतात, त्यावरून नाकं मुरडणारे तेव्हाही होते. हा गृहस्थ सत्तेचाळीस सुग्या करून २०१६ मध्ये ऐंशीव्या वर्षी निवृत्त झाला. आता मुख्य काम जॉन ऑल्नी बघतात. तुमच्या बाटलीच्या मागे बघा, आत काय काय घातलंय त्याची यादी छापलेली असेल. २०११ च्या पिकापासून ते स्वतःहून छापतात. बिस्किटाच्या पुड्यावर असते तशी यादी वाइनच्या बाटलीवर शोधून दाखवा म्हटलं तर दुकानभर फिराल.

मालकी मात्र १९८६ पासून जपानकडे आहे. ओत्सुका औषध कंपनी, ते पोकारी स्वेट नावाचं पेय करतात ती. सगळ्यांना वाटलं आता संपलं. पण त्यांनी ड्रेपरला हात लावला नाही, त्याला हवं तसं करू दिलं. पैसेवाला मालक असून न बोलणारा, असा मॅनेजर मला तरी अजून भेटायचाय.

एकाच बागेची वाइन म्हणतात ती का, तर या बाटलीत दुसऱ्या कुठल्या बागेचा थेंब नाही. मात्र तिच्यात कॅबरनेबरोबर मर्लो, पेती व्हर्दो, कॅबरने फ्रँक या जातीही असतात, प्रमाण दरवर्षी वेगळं. डोंगराचे लहान लहान तुकडे वेगवेगळे तोडतात, वेगवेगळे आंबवतात. फेब्रुवारीच्या सुमारास टेबलावर सगळे नमुने नाव झाकून मांडतात आणि चाखत चाखत ठरवतात, कोणता तुकडा मॉन्टे बेल्लोत जाणार. जे राहतं ते त्याच बागेच्या दुसऱ्या वाइनमध्ये, इस्टेट कॅबरनेमध्ये जातं. ती जवळपास तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीला मिळते आणि, हळूच सांगतो, मी वर्षभर तीच पितो. मॉन्टे बेल्लो अडीचशे डॉलरच्या पुढे गेल्यापासून ती आमच्याकडे दिवाळीसारखी येते, वर्षातून एकदा.

आता या वाइनचा डौल कशात आहे ते सांगायचा प्रयत्न करतो, हे कठीण आहे. खाली नापा खोऱ्यात उन्हं जोरात, द्राक्षं गोड, वाइन जाडजूड आणि अल्कोहोल साडेचौदा-पंधरा टक्के. पहिल्या घोटाला वाहवा होते, तिसऱ्याला जेवण नकोसं होतं. मॉन्टे बेल्लोची बाग १,३०० ते २,७०० फुटांवर, पॅसिफिकपासून पंधराएक मैलांवर, तिथे वारा थंड. द्राक्षं सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकवून असतानाच तोडतात, अल्कोहोल साडेतेराच्या आसपास राहतं. चवीला काळं करवंद, जांभूळ, शिसपेन्सिलीला टोक करताना येतो तो वास. आणि गिळल्यावर, आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जसं मागून गोड येतं ना, तसं काहीतरी. साखर नसलेलं गोड. याहून चांगलं मला सांगता येत नाही, मी चुका शोधणारा माणूस आहे, कौतुकाचा सराव नाही.

पुरावा हवा असेल तर: २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परिअरने फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नाव झाकून फ्रेंच परीक्षकांपुढे ठेवल्या. लाल वाइनमध्ये पहिला नंबर नापाच्या स्टॅग्ज लीपचा आला, सगळं जग त्याचंच गाणं गातं. रिजची १९७१ ची मॉन्टे बेल्लो पाचवी आली. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ ला, त्याच सालांच्या त्याच लाल वाइन लंडनमध्ये आणि नापामध्ये पुन्हा चाखल्या. पहिली कोण आली? पाचवी. दहावीच्या निकालावर पोराचं आयुष्य ठरवणाऱ्या आमच्यासारख्या मिरजकरांनी हे पाटीवर लिहून ठेवायला हवं.

बाबांना न्या. नक्की न्या. आणि पिण्याची सक्ती कुठेच नाही, गाडी चालवणारेही घेत नाहीतच. चाखायची जागा खालच्या जुन्या वायनरीत आहे, बाहेर लाकडी टेबलं असतात, खाली सगळी व्हॅली आणि खाडी दिसते. जाण्याआधी वेळ मात्र ठरवून घ्या. रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे, बाबांना गाडी लागत असेल तर पोटात थोडंच असू द्या. वाटेत खालच्या अंगाला पिकेट्टी नावाची आणखी एक जुनी वायनरी लागते, तिच्या आवारात मोर फिरतात. मोर बघून बाबा खूश होतील. माझे वडील झाले नव्हते. म्हणाले, एवढे पैसे खर्चून आणलंस ते मोर दाखवायला का?

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा म्हणजे गाळ तळाशी बसेल. दोन तास आधी काचेच्या जगमध्ये हळू ओता, गाळ मागे ठेवा. खोलीपेक्षा किंचित गार असू द्या. आणि त्या दिवशी काळ्या मसाल्याचं मटण करू नका, हात जोडतो. मिरची आणि तुरटपणा एकमेकांची गचांडी धरतात. मिरं घालून केलेलं मटण चालेल. घरी माळकरी पाहुणे आहेत म्हणजे ते नकोच, तर निखाऱ्यावरच्या वांग्याचं कमी मिरचीचं भरीत. धुराचा वास आणि ही वाइन यांचं जुळतं. मी करून बघितलंय.

सात्त्विक_पुणेकर

एवढं सगळं वाचलं. द्राक्षं नुसती खाल्ली तर काय बिघडतं, हा माझा जुनाच प्रश्न आहे.

कुपरटिनोकर

काहीच नाही. पण वाइनची द्राक्षं खाऊन बघा. बोराएवढंही नाही, त्याच्याहून लहान मणी, जाड साल आणि दोन-तीन बिया. घशाखाली उतरली तर मला कळवा.

गोडीछाटणी

दिंडोरी. टेबल ग्रेप आठ एकर, वाइनची दोन. कुपरटिनोकर साहेब, गोष्ट छान सांगितली, पण आमच्या कामाचं राहून गेलं.

एकरी किती निघतं तिथे? वेली मांडवावर की वायच्या आकाराच्या आधारावर? कलमाखालचा खुंट कोणता? जमीन कशी? वर्षात छाटण्या किती? चौदाशे फूट उंचीच्या फरकावर एकच बाग म्हणता, मग खालचा माल आणि वरचा माल एका दिवशी तयार होणार नाही, मजूर किती वेळा न्यायचे?

आमच्याकडे करारात साखर किती हवी ते लिहिलेलं असतं. आंबटपणा टिकवून तोडा असं कोणी म्हणत नाही, मार्चात उशीर झाला की साखर पळते आणि आंबट बसून जातं. ते उशिरा तोडत नाहीत हे खरं असेल तर त्यांना ते परवडतं कसं?

निफाडच्या ताई, वडलांना नमस्कार सांगा. माळकरी असून कॅबरने केली म्हणजे हिमतीचे आहेत. आमच्या आळीत अजून काही जण माझ्या घरचा चहा घेत नाहीत.

कुपरटिनोकर

साहेब, खरी परीक्षा तुम्हीच घेतलीत. जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगतो.

एकरी दोन टनांच्या आसपास, बऱ्याच वर्षी त्याहून कमी. हो, बरोबर वाचलंत. निर्यातीच्या बागेत तुम्ही आठ-दहा टन काढत असाल, तिथे त्या उतारावर माती पातळ, वेल लहान, घड मोजके. परवडतं कारण बाटली अडीचशेला जाते, दुसरं काही कारण नाही. मांडव नाहीच. तारांवर सरळ उभ्या फांद्या, ओळी उतारावर. छाटणी एकदाच, हिवाळ्यात, कारण तिथे पानं गळतात आणि वेल झोपते. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून एप्रिलात खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी, दोनदा. इथल्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

जमीन: वर हिरवट दगडाची चिकणमाती, खाली फुटलेला चुनखडक. हा चुनखडक इथला नाहीच. लांब समुद्रातल्या बुडलेल्या डोंगरांवर तो तयार झाला आणि समुद्राच्या तळाबरोबर सरकत सरकत इथे येऊन चिकटला. शेजारच्याच डोंगरात त्याच दगडाची मोठी खाण होती, तिच्या सिमेंटवर इथली धरणं उभी राहिली. म्हणजे एका उतारावर तो दगड फोडून धरण बांधलं, दुसऱ्यावर तसाच ठेवून वाइन काढली. आपला काळा कातळ बिचारा जागचा हलत नाही.

खुंटाबद्दल नेमकं सांगत नाही, डोंगरावर वेगवेगळ्या तुकड्यांत वेगवेगळे आहेत. पण तुमच्याकडे डॉगरिज असेलच. तो मूळचा टेक्सासचा. दुष्काळ आणि खारं पाणी यांच्यापायी आपण अमेरिकेचा खुंट नेला, हे इथल्यांना कळलं की फार गंमत वाटते.

तोडणीचं तुम्ही बरोबर धरलंत. एका दिवशी होत नाहीच. सप्टेंबरपासून ऑक्टोबरपर्यंत तुकडा तयार होईल तसा तोडतात, हाताने. म्हणून तर आंबवणंही वेगळं वेगळं.

आणि साखरेच्या करारावरच्या तुमच्या वाक्यावरून मला एक माणूस आठवला. नाशिकची आजची मोठी वायनरी, सुला, काढणारे राजीव सामंत स्टॅनफर्डलाच शिकलेले. या डोंगराच्या पायथ्याशी. इथे नोकरी केली, परत गेले, आणि २००० साली सुलाची पहिली बाटली बाजारात आली. डोंगराकडे बघून परत गेलेला तो एक आणि बघत बसलेला मी एक.

मुळामुठा

मला एक व्यवहाराचं सांगा. पुण्याला येताना कोणी दोन बाटल्या आणल्या तर कस्टमवाले धरतात का? नुसतं विचारतोय.

कुपरटिनोकर

माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी नाही. म्हणजे ७५० मिलिच्या दोन बाटल्या आरामात. नुसतं सांगतोय.

निफाडची_लेक

मंडळी, उशीर झाला, माफ करा. जुलै संपत आला, बाबा पुढच्या महिन्यात निघतायत. सगळं सांगते.

बूच किंचित वर आलं होतं, दोन-तीन मिलिमीटर. चिकट काही नव्हतं. धीर करून आतल्या कपाटात ठेवली.

डोंगरावर आम्ही जूनच्या शेवटच्या शनिवारी गेलो. मोर पाहिले. बाबा म्हणाले, "हे तर आपल्या बागेत रोज येतात, मणी खातात, यांचं कसलं कौतुक." (कुपरटिनोकर, तुमच्या वडलांशी त्यांचं जमलं असतं.) वळणांवर डोळे मिटून बसले होते. वर पोचल्यावर मात्र कोणाशी न बोलता थेट ओळींच्या कडेला जाऊन उभे राहिले.

मी आणि ह्यांनी टेबलावर बसून दोन-तीन प्रकार चाखले. ओतणाऱ्या मुलीने बाबांना विचारलं, त्यांनी गळ्यातली माळ बोटाने उचलून दाखवली. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने पाण्याचा ग्लास आणून दिला आणि पुन्हा विचारलं नाही. मग मीच तिला सांगितलं की हे चाळीस वर्षं द्राक्षं करतात. ती आत गेली आणि बागेत काम करणाऱ्या एका मेक्सिकन काकांना घेऊन आली. त्यांना मराठी नाही, बाबांना इंग्रजी नाही, स्पॅनिश तर दोघा-तिघांत मिळून आम्हाला नाही. अर्धा तास ते दोघं ओळीत होते! बाबा मनगटाला हात लावून बुंध्याची जाडी विचारतात, ते काका बोटं दाखवून वय सांगतात. मणी तेव्हा हिरवे, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे. बाबांनी एक घड खालून तळहातावर तोलला, तोडला नाही, नुसता तोलला, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "शंभर ग्रॅम. पिकल्यावर."

मी त्यांना एकरी दोन टनांचं सांगितलं. त्यांना वाटलं मी चुकतेय, वीस म्हणायचंय. मग दगडी पायरीवर बसून खूप वेळ खाली बघत होते. शेवटी म्हणाले, "घडांची विरळणी आम्हीपण करतो. पण खाली टाकलेला घड बघवत नाही. यांना बघवतो." परत येताना गाडीत डोळे उघडे होते.

आता बाटली. तुमच्या सूचनेप्रमाणे आदल्या दिवशी उभी केली, भरीत केलं, दोन मिरच्या घातल्या फक्त. बूच काढताना अर्ध्यात मोडलं, उरलेलं चाळणीने गाळून घेतलं. सुरुवातीला खरंच मनुकांसारखा, जरासा मुरंब्याकडे झुकलेला वास होता, माझं तोंड उतरलं. ह्यांनी तर "तुझा फ्रिज" म्हणून सुरुवातही केली होती. तासाभराने ते मागे पडलं. पेन्सिलीचा वास मला आला, अगदी शाळेच्या कंपासपेटीचा. आवळ्याचं मात्र नाही आलं. मला ते कोकमाच्या साराजवळचं वाटलं, गोड न घातलेल्या. चुकत असेन.

बाबांनी घेतली नाही. पण ग्लास मागून घेतला. बराच वेळ नाकाशी धरून बसले. मग विचारलं, "आपल्या कॅबरनेला असा वास येतो का?" मला उत्तर माहीत नव्हतं. त्यांनाही नाही. आठ वर्षं बाग करून आम्हा दोघांना ते माहीत नव्हतं.

सकाळी मी ग्लास धुवायला घेतले तर एक कमी. तो गॅलरीत त्यांच्या खुर्चीजवळ होता, तळाशी जांभळं वाळलेलं. म्हणाले, "राहू दे, अजून येतोय."

तर गोडीछाटणी दादा, तुम्हाला एक काम सांगायचंय. आमच्या भागातली द्राक्षं ज्या वायनरीला जातात, ती एकाच बागेचा माल वेगळा आंबवून एखादी बाटली काढून देईल का? पैसे देऊन. दोन एकरांतला एखादाच टन, बाकी नेहमीसारखं त्यांना. बाबांनी स्वतः हे विचारायला सांगितलंय. बाटली कोण पिणार ते त्यांनी सांगितलेलं नाही.

गोडीछाटणी

एक टन म्हणजे त्यांच्या मोठ्या टाकीच्या तळालासुद्धा लागणार नाही, म्हणून मोठे लोक नाही म्हणतील. पण लहान टाक्या असणारे एक-दोन जण आहेत, मी बोलतो. माल स्वतंत्र क्रेटमध्ये, पहाटे तोडून, आठच्या आत पोचला पाहिजे, एवढं वडलांना आत्ताच सांगून ठेवा. आणि गोडी छाटणीला घड कमी ठेवायला सांगा. किती कमी ते त्यांना वर डोंगरावर कळलंच असेल.